गादी घेण्याआधी कॉट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पहिल्यांदाच घराबाहेर राहायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी सामानाच्या याद्या तयार होतात. यादी बहुधा शेजारच्या दादाची किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी असते. मग खोली पाहायच्या आधीच सगळी खरेदी उरकली जाते. या घाईचे परिणाम वसतिगृहांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना दरवर्षी दिसतात: कॉटवर न मावणारी गादी, दाराच्या कडीत न शिरणारे कुलूप, जप्त करून ऑफिसात ठेवावे लागणारे पाणी तापवायचे रॉड आणि पहिल्या पंधरवड्यातच बुरशी धरलेले कपडे. पालकांचे आठ-दहा हजार रुपये यात सहज जातात. म्हणून आमचे पालकांना सांगणे एवढेच की पहिल्या खेपेला दोन बॅगांचे सामान न्या आणि बाकीची खरेदी खोली पाहून तिथल्याच बाजारात करा. महाविद्यालयांकडेही एक मागणी आहे, ती शेवटी मांडली आहे.

सर्वांत महागात पडते ती गादीची चूक. सगळ्या कॉट सहा फूट बाय तीन फूट असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात जुन्या वसतिगृहांत अडीच फूट रुंदीच्या लोखंडी कॉट भरपूर आहेत आणि काही नव्या इमारतींत सव्वासहा फूट लांबीच्याही आहेत. त्यात चौकटीचे बाहेरचे माप आणि आतले माप यांत दीड-दोन इंचांचा फरक पडतो. अँगलच्या चौकटीत गादी आत बसते, तेव्हा माप आतलेच घ्यायचे. गादी मोठी झाली की कडा वर उचलल्या जातात, मधे खोलगट होते आणि महिन्याभरात पाठ धरते. दुमजली कॉट असेल तर जाडीही महत्त्वाची. वरच्या कॉटचा कठडा साधारण फूटभर असतो. त्यात सहा इंची गादी टाकली तर झोपेत कूस बदलताना अडवायला निम्माच कठडा उरतो. तिथे चार इंचांच्या वर जाऊ नये.

कापसाची गादी घरी उत्तम, पण पावसाळ्यात बंद खोलीत ती ओल धरते, जड होते आणि वाळवायला ऊन मिळत नाही. काथ्याची गादी एकदा भिजली की बसते, मग तिचे धागे टोचू लागतात. वसतिगृहासाठी चार इंची फोम सोयीचा. मात्र घनता ३२ (किलो प्रति घनमीटर) च्या खाली असेल तर सहा महिन्यांत तो दबतो. म्हणून दुकानदाराला घनता विचारावी, आणि हाताने दाबून तळ लागतो का तेही पाहावे. फोम कडक उन्हात टाकू नये, तो पिवळा पडून त्याचा चुरा होऊ लागतो. पत्र्याच्या किंवा प्लायच्या तळाच्या कॉटवर आणखी एक गोष्ट घडते. अंगाचा घाम आणि वाफ गादीतून खाली उतरते, खाली हवा खेळत नाही, आणि गादीच्या पोटाला काळे ठिपके येतात. वरून पाहिले तर काहीच दिसत नाही. आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून दोन तास पंखा लावला तर हे टळते. कॉटही बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, चार बोटे अंतर ठेवावे.

पांघरुणाच्या बाबतीत घरच्यांचा जीव सोलापुरी चादरीत अडकलेला असतो. चादर चांगलीच आहे, पण तिची वेळ दिवाळीनंतरची. ऑगस्टमध्ये ती धुतली तर दोन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. पहिल्या खेपेला दोन हलक्या सुती चादरी, दोन पलंगपोस, एक उशी आणि दोन अभ्रे पुरतात. जाड टॉवेलचेही तेच, तो सकाळी भिजला की संध्याकाळीही ओलाच असतो. दोन पंचे किंवा पातळ सुती टॉवेल द्यावेत, ते पंख्याखाली काही तासांत सुकतात. रजई दिवाळीच्या सुट्टीत न्यावी. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे जाणाऱ्यांनी कूलरचा विचार मार्चमध्ये करावा, तोही वसतिगृहाची परवानगी विचारून.

आता विजेचे. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे.

खोलीतल्या नेहमीच्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर असते. २३० व्होल्टला ती साधारण १,३८० वॉट होते. चार मुलांच्या खोलीत चार लॅपटॉप, चार मोबाइल, दोन पंखे आणि दोन ट्यूबलाइट एकाच वेळी चालू असले तरी भार साडेपाचशे वॉटच्या आसपास राहतो, म्हणजे अडीच अँपिअरही नाही. ही व्यवस्था यासाठीच केलेली असते. त्यात १,५०० वॉटचा रॉड किंवा तेवढ्याच ताकदीची केटल लावली की एकदम साडेसहा अँपिअरची भर पडते आणि बेरीज नऊच्या घरात जाते. ६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) थोडा वेळ तग धरतो आणि ट्रिप होतो, म्हणजे पडतो. इथवर ठीक आहे, ते त्याचे कामच आहे. खरा धोका पुढे आहे. रोज एमसीबी पडतो म्हणून मुले ओळखीच्या वायरमनला सांगून तिथे १६ किंवा २० अँपिअरचा बसवून घेतात. आता एमसीबी पडत नाही, पण भिंतीतली जुनी तार तेवढ्या प्रवाहासाठी नसते. ती आतल्या आत तापते, तिचे आवरण कडक होऊन तडकते आणि एक दिवस सॉकेटच्या मागे ठिणगी पडते. एमसीबी वारंवार पडत असेल तर भार कमी करायचा असतो, एमसीबी मोठा करायचा नसतो.

रॉडवर बंदी असते ती आगीपुरती नाही. पाणी तापले का हे पाहायला बटण बंद न करताच बोट बुडवले जाते, आणि रॉडचे आवरण गंजलेले असले व अर्थिंग नसले तर तोच झटका जीव घेतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी खुणेच्या खाली गेले तर बादली वितळते. सोलरचे गरम पाणी पावसाळ्यात कमी येते हे मान्य आहे. पण त्यावरचा उपाय बॉयलरचा आहे आणि तो व्यवस्थापनाकडे मागायचा आहे. इस्त्रीसाठी आवाराबाहेर इस्त्रीवाला असतोच.

एक्स्टेंशन बोर्ड मात्र लागतोच, आणि फसवणूक तिथेच जास्त. रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या बोर्डाला तीन भोके असतात, पण वायर उघडली तर आत दोनच तारा निघतात. अर्थिंगचे भोक नुसते दिखाऊ. याचा अनुभव पुष्कळ मुलांना येतो, कारण कळत नाही एवढेच: लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या भागावरून हात फिरवला की झिणझिण्या येतात. चार्जरमधून पाझरणाऱ्या बारीक प्रवाहाला जमिनीकडे जायला वाट नसते, म्हणून तो हातातून जातो. थ्री-पिन प्लगला टू-पिनची टोपी लावली तरी असेच होते. बोर्ड आयएसआय चिन्हाचा, तीन तारांचा, निदान ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा आणि स्वतःचा फ्यूज किंवा रीसेट बटण असलेला घ्यावा. वायर तीन मीटर पुरते. ती गादीखालून नेऊ नये, आणि वेटोळे करून ठेवलेल्या वायरवरून जास्त भार चालवू नये, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. बोर्डाला दुसरा बोर्ड जोडण्याची सवय तर पहिल्या दिवसापासूनच लागू देऊ नका. टेबलावर ७ ते ९ वॉटचा एलईडी दिवा द्या. रूममेट झोपलेला असताना वाचायला त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

कुलपाची गोष्ट छोटी आहे, पण पहिल्याच रात्री अडते. दाराला ऑलड्रॉप (सरकवून लावायची कुलपाची कडी) असतो आणि त्याच्या भोकात ६५ मिलिमीटरच्या कुलपाची जाड दांडी कित्येकदा शिरतच नाही. ५० मिलिमीटरचे पितळी कुलूप दाराला आणि ३० ते ४० मिलिमीटरचे कपाटाला, असे दोन न्यावेत. किल्ल्या तीन असल्या तर एक स्वतःकडे, एक घरी आणि दाराची एक रूममेटकडे. तिन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवून ठेवल्या तर जादा किल्ल्या असून नसून सारख्याच. मुलींच्या खोलीत आतली कडी नीट बसते का, बाथरूमची कडी लागते का, हे सामान लावायच्या आधी पाहावे आणि नसेल तर त्याच दिवशी ऑफिसात लेखी द्यावे. फुटलेली काच, तुटलेला स्विच, कपाटाची निखळलेली बिजागरी यांचेही पहिल्या दिवशी फोटो काढून रजिस्टरवर नोंद करून घ्या. वर्षाच्या शेवटी अनामत रकमेतून कपात होते ती बहुतेक अशाच, आधीपासून मोडलेल्या वस्तूंची असते.

ओल हा खरा शत्रू आहे, विशेषतः कोकणात, कोल्हापूर-कराडच्या पट्ट्यात आणि मुंबईत. जीन्स दोनच द्या, कारण भर पावसात ती दोन-तीन दिवस वाळत नाही. सिंथेटिक मिश्रणाचे पातळ कपडे लवकर वाळतात. आतले कपडे मात्र सुती आणि भरपूर हवेत, निदान आठ जोड, म्हणजे ओलसर घालायची वेळ येत नाही. ओले कपडे आणि एकमेकांचे टॉवेल यांतून गजकर्ण पसरते. मुले लाजेने डॉक्टरकडे जात नाहीत, औषधाच्या दुकानातून मलम आणतात. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, आणि मग तेच गजकर्ण दुप्पट पसरते व नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. यावर आई-वडिलांनी मुलांशी जाण्याआधीच मोकळेपणाने बोलावे. पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे द्या, खिळा ठोकायची परवानगी बहुधा नसते, म्हणून दोरीला दोन हुक बांधून द्या. कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर चामडी पट्टा, बूट आणि कागदपत्रे त्यात सर्वांत मागे ठेवू नयेत. डांबरगोळ्यांनी कसर लागत नाही, पण ओल अजिबात कमी होत नाही. त्यासाठी दार रोज तासभर उघडे ठेवणे हाच उपाय.

ढेकणांबद्दल महाविद्यालये बोलत नाहीत आणि पालक विचारायला संकोचतात. ढेकूण अस्वच्छतेने होत नाहीत, ते सामानातून येतात. म्हणून जुनी गादी सीनियरकडून फुकट मिळाली तरी घेऊ नये. कॉट ताब्यात घेताना मोबाइलचा उजेड पाडून कोपरे, स्क्रूची भोके, प्लायच्या खालची कड पाहावी. शाईचे बारीक थेंब पडावेत तसे काळे ठिपके दिसले तर तिथे ढेकूण आहेत. गादी ठेवायच्या आधीच लोखंडी कॉट बाहेर काढून सांध्यांत उकळते पाणी ओतावे, ५० अंशांच्या वरच्या उष्णतेला ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा ओतावे, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. एका खोलीत फवारणी केली की ढेकूण शेजारच्या खोलीत सरकतात, म्हणून काम पूर्ण मजल्याचे आणि परवानाधारक माणसाकडूनच व्हायला हवे. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही मानू नका. हवेतल्या दमटपणानेच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून शेजारी झोपलेल्यांपर्यंत जातो, आणि त्यावर उतारा नाही.

मच्छरदाणी घ्यावी ती कॉट पाहून. खालच्या कॉटवाल्याला वरच्या कॉटच्या चौकटीला बांधता येते, वरच्याला छताचा पंखा जवळ असल्याने उभी मच्छरदाणी धोक्याची, त्याला बुटकी घडीची लागते. जाळी चौरस इंचाला निदान १५६ भोकांची असावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपतानाही ती हवी. कूलरच्या आणि साठवणीच्या बादलीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून बादली आतून घासावी, नुसते पाणी बदलले तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

बादली, मग, झाडू, सूपली, कचऱ्याचा डबा, हँगर हे गावाहून एसटीच्या टपावर चढवून नेण्यात काहीच हशील नाही. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, नागपुरात सीताबर्डी-इतवारी, आणि आता तर प्रत्येक कॉलेजच्या फाटकासमोर सगळे मिळते. बादली १६ ते २० लिटरची घ्या, तिच्यावर ऑइलपेंटने नाव घाला. ट्रंक घ्यायची असेल तर कॉटखालची उंची मोजून. बारा इंच जागा असते तिथे चौदा इंची ट्रंक वर्षभर वाटेत पडून राहते.

खाऊ थोडा थोडा द्या. दमट हवेत चिवडा चार दिवसांत मऊ पडतो, तेव्हा पाव-पाव किलोच्या बंद पुड्या कराव्यात आणि एकच उघडावी. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टिकते. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतात. ओले खोबरे घातलेले काही देऊ नये. मेस बहुधा पहिले दोन-तीन दिवस सुरू नसते, तेवढ्यापुरते दशम्या-चटणी बरोबर असावी.

औषधांत पॅरासिटामॉल, डिजिटल थर्मामीटर, पट्ट्या, जंतुनाशक मलम आणि ओआरएसची पाकिटे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. मुले ते पेलाभर पाण्यात घालून पितात, आणि त्या खारट पाण्याने जुलाब वाढतात. पाकिटावर ठळक अक्षरांत "१ लिटर" लिहून द्या. ताप आला तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. डेंग्यू असेल तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स तर बरोबर देऊच नयेत.

कागदपत्रांची फाइल दप्तरात, हातात ठेवायची, ट्रंकेत नाही. गुणपत्रिका, टीसी, जातीचे आणि वैधतेचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र यांच्या पाच-पाच प्रती आणि डझनभर फोटो. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा त्यावरची तारीख पाहूनच निघा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् या योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खाते आहे पण आधारजोडणी बंद पडली आहे, एवढ्या कारणाने ते अडकतात. जोडणी सुरू आहे की नाही हे गावच्या शाखेत आधीच तपासून घ्या. रॅगिंगविरोधी ऑनलाइन प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी भरायचे असते, त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि कपाटाच्या आतल्या बाजूला कागदावर, दोन्हीकडे असू द्या.

वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते. पुष्कळ मुले सुरुवातीचे काही आठवडे कॉट बेसिसवर, म्हणजे खासगी खोलीत एका कॉटपुरते भाडे देऊन, काढतात, तिथून मग कॉलेजच्या खोलीत येतात. जेवढे सामान जास्त, तेवढे हे हलणे अवघड आणि खर्चाचे. दोन बॅगांचा आग्रह आम्ही धरतो तो यामुळेही.

आता मागणी. प्रत्येक महाविद्यालयाने खोलीच्या अलॉटमेंट पत्राबरोबर एक पानी माहिती द्यावी. तिला खर्च काही नाही, एका शिपायाला टेप घेऊन अर्धा दिवस फिरवले तरी पुरे. त्यात कॉटचे आतले माप, कॉटखालची उंची, गादी मिळते की आणायची, कपाटाचे माप, दर विद्यार्थ्यामागे सॉकेट किती आणि किती अँपिअरची, दाराला कोणत्या मापाचे कुलूप लागते, बंदी असलेल्या वस्तूंची संपूर्ण यादी, गरम पाण्याची वेळ, कपडे वाळवायची जागा, आधीच्या वर्षी ढेकणांसाठी फवारणी कोणत्या महिन्यात झाली, आणि मेस कोणत्या तारखेच्या कोणत्या जेवणापासून सुरू होणार, एवढे असावे. तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण संचालनालयांनी यंदाच्या प्रवेशफेऱ्या संपण्याआधी याचे परिपत्रक काढावे.

आपले,
वसतिगृहांत रेक्टर, अधीक्षक आणि देखभाल विभागात काम करणारे काही जण, पुणे